अर्धी जमीन आमची, अर्धी कुरैशांची
(इस्लामची ओळख : लेखांक ९)

मुहंमद पैगंबरांच्या अखेरच्या दिवसांत मदिनेत एक पत्र आलं. पाठवणारा मुसैलमा. आजच्या रियाधच्या आसपासचा यमामा हा त्याचा मुलूख आणि बनू हनीफा ही त्याची तालेवार टोळी. परंपरेने जपलेल्या मजकुराचा आशय असा, की प्रेषितपणाच्या कामात मीही तुमचा भागीदार आहे, तेव्हा अर्धी जमीन आमची, अर्धी कुरैशांची, म्हणजे पैगंबरांच्या टोळीची. पत्र आणणाऱ्या दोघांना पैगंबरांनी विचारलं, तुमचंही हेच म्हणणं का? दोघं हो म्हणाले. दूताला मारायचं नसतं, नाहीतर तुमची मान उडवली असती, असं त्यांना सुनावलं गेलं. उत्तर अगदी थोडक्यात होतं : जमीन ईश्वराची, तो हवी त्याला देतो. मायन्यातच मुसैलमाला ‘कज्जाब’ म्हणजे महाखोटारडा म्हटलं होतं. ते त्याच्या नावाला कायमचं चिकटलं.

मुसैलमाने मुहंमदांना नाकारलं नव्हतं. त्याने वाटणी मागितली होती. ‘खत्मे नुबुव्वत’, म्हणजे मुहंमदांनंतर प्रेषित नाही, ही श्रद्धा कळायला मला हाच प्रसंग सर्वांत उपयोगी वाटतो. कुराणाच्या ३३व्या सूरेतल्या ४०व्या आयतीत मुहंमदांना प्रेषितांची मोहोर म्हटलं आहे. संदर्भ मात्र घरगुती आहे, मानलेला मुलगा झैद यांच्या घटस्फोटित पत्नीशी मुहंमदांनी केलेल्या विवाहाचा. हदीसमध्ये दृष्टांत येतो तो देखण्या घराचा. त्याच्या कोपऱ्यात एकच वीट बसवायची राहिली होती, ती वीट म्हणजे मुहंमद. घर पुरं झालं, आता वाटेकरी कुठून येणार?

पण टोळ्यांना वाटेकरी हवे होते. येमेनमध्ये अस्वद अन्सी, बनू असदमध्ये तुलैहा, बनू तमीमच्या बळावर उभी राहिलेली सजाह नावाची बाई : प्रेषितपणाचे दावेदार एकाच सुमारास उगवले. मुसैलमाला भेटून आलेल्या एकाची गोष्ट इतिहासकार तबरीने नोंदवली आहे. तू खोटा आहेस हे मला पटलंय, असं त्याच्या तोंडावर सांगूनही तो म्हणाला, त्यांच्या खऱ्यापेक्षा आपला खोटा बरा. एवढा प्रामाणिक अनुयायी विरळाच! कुरैशांचं वर्चस्व किती खुपत होतं, ते यातून दिसतं.

पहिले खलिफा अबू बक्र यांनी खालिद बिन वलीदना यमामावर धाडलं. मुसैलमाचे लोक भिंतीने वेढलेल्या बागेत शिरले आणि त्यांनी दार लावून घेतलं. बरा बिन मालिक यांना साथीदारांनी उचलून भिंतीपलीकडे टाकलं, त्यांनी आतून दार उघडलं, असं सांगतात. त्या जागेचं नावच ‘मृत्यूची बाग’ पडलं. मुसैलमाला भाला लागला तो वहशीचा. याच वहशीने उहुदच्या लढाईत पैगंबरांचे चुलते हमजा यांना मारलं होतं, पुढे तो मुसलमान झाला.

या लढाईत कुराण मुखोद्गत असलेले बरेच जण मारले गेले. पैगंबरांचे सहकारी उमर यांनी धोका ओळखला, अबू बक्रना पटवलं आणि झैद बिन साबित यांनी कुराणाची एकत्र प्रत तयार केली.

सगळ्यांची गत मुसैलमासारखी झाली नाही. सजाह पुढे इस्लाममध्ये आली. बुझाख्याच्या लढाईत हरून सीरियाकडे पळालेला तुलैहाही परतला आणि इराणच्या मोहिमेत मुस्लिम फौजेतून लढला. दावा सोडला की माणूस परत आपला, असा हा हिशेब होता.

प्रेषितपणाचं दार असं बंद झालं, तरी शेवटच्या काळात महदी, म्हणजे ईश्वराने धाडलेला मार्गदर्शक, येईल आणि ईसा (येशू) परततील ही अपेक्षा शिल्लक होती. पुढचे बरेच दावेदार त्याच वाटेने आले. १५०५ साली वारलेले जौनपूरचे सय्यद मुहंमद यांनी स्वतःला महदी म्हटलं, नवा प्रेषित नव्हे. त्यांचा महदवी पंथ आपल्याकडेही राज्यावर आला होता. १५८९ला अहमदनगरच्या गादीवर पोरवयाचा इस्माईल निजामशहा होता आणि कारभार महदवी जमालखानाच्या हाती. त्याने महदवी पंथालाच राजाश्रय दिला. मग इस्माईलचा बाप बुऱ्हाण स्वतःच गादीसाठी चालून आला. १५९१ला आजच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या रोहिणखेडला जमालखान पडला आणि नगरात पुन्हा शिया पंथ आला.

कादियानच्या मिर्झा गुलाम अहमद यांनी १८९१ला महदी आणि मसीहा असल्याचं जाहीर केलं. ते तिथेच थांबले नाहीत. त्यांच्याविषयी पुढच्या आठवड्यात.