इंग्रजी वाक्याला विचारा: कोण? आणि केव्हा?

मुलांचा इंग्रजीचा अभ्यास म्हटला की आपल्यापैकी बऱ्याच जणी हात झटकतात. "आमचं कुठं इंग्रजी झालंय? शिकवणीच्या बाईंना विचार," असं म्हणून स्वयंपाकघराकडे वळतात. त्यांचंही फारसं चुकत नाही. आपल्या राज्यात मराठी शाळांतून पहिलीपासून इंग्रजी आलं ते २००० साली. त्याआधी शाळेत गेलेल्या आपण बहुतेक जणी पाचवीत एबीसीडी गिरवणाऱ्या. त्यातून आमचं भोकर पडलं सीमेवरचं. एकाच बाकावर मराठी, दखनी, तेलुगू आणि बंजारा बोलणारी मुलं बसतात. १९४८ पर्यंत हा भाग निजामाच्या राज्यात होता, तेव्हा वरचं शिक्षण उर्दूतून. इंग्रजी आजीकडून आईकडे वारशानं यावं, अशी आमच्याकडे सोयच नव्हती.

पण हात झटकून भागत नाही. दहावीत इंग्रजीचा पेपर राहिला तर मुलाला पुन्हा बसवतात, मुलीला मात्र स्थळं पाहायला लागतात, अशी घरं आजही आहेत. तेव्हा मुलीच्या वहीत डोकावणं हे आपलं काम आहे, बरं का!

आणि ते वाटतं तितकं अवघड नाही. वह्या तपासताना एक गोष्ट सारखी दिसते. मुलांच्या चुका ठरावीक असतात, आणि त्यातल्या पुष्कळशा मराठीच्या नियमानं अगदी बरोबर असतात! मूल मठ्ठ नसतं. ते मराठीचा कायदा इंग्रजीला लावत असतं. म्हणजे ज्या आईला मराठी चांगलं येतं, तिला चुकीचं मूळ सापडू शकतं.

क्रियापद कुणाकडे पाहतं?

'राधा पोळी खाते' यात क्रियापद राधाकडे पाहतं. 'राधाने पोळ्या खाल्ल्या' म्हटलं की तेच क्रियापद राधाला सोडून पोळ्यांकडे वळतं. राधाच्या जागी राजू बसवा, तरी 'खाल्ल्या'च! शाळेत आपण कर्तरी आणि कर्मणी प्रयोग शिकलो, तो हाच. इंग्रजी क्रियापद मात्र कर्त्याचा पदर सोडत नाही. पोळ्या दहा असोत, करणारी एकटी राधा आहे, म्हणून 'राधा हॅज मेड चपातीज'. तिथं 'हॅव' येणार नाही.

दुसरी अडचण आदराची. 'माझे वडील शेतकरी आहेत' या वाक्यातल्या 'आहेत'मुळे मूल लिहितं, 'माय फादर आर अ फार्मर'. बिचारं वडिलांचा मान राखतं आणि मार्क घालवतं! इंग्रजीत मान अनेकवचनातून देत नाहीत. वडील एक, म्हणून 'इज'.

तिसरा तो चिमुकला 'एस'. 'आय गो', 'यू गो', 'दे गो', पण ही, शी, इट किंवा एकाच माणसाचं नाव आलं की 'गोज'. प्रश्न विचारताना 'डज' आलं की तो एस त्याच्यात गेला, म्हणून 'डज शी गो?' असंच विचारायचं. 'डिड'चंही तसंच. भूतकाळ 'डिड'मध्ये आलाच, म्हणून 'डिड शी कम?', पुढे 'केम' नको. भाजीत मीठ एकदाच घालतो ना, तसं.

'काल' दिसला की थांबा

'मी काल नांदेडला गेले होते.' किती सरळ वाक्य! पण 'होते'च्या नादानं मुलं लिहितात, 'आय हॅड गॉन टू नांदेड येस्टरडे'. इंग्रजीत इथं साधा भूतकाळ पुरतो: 'आय वेंट टू नांदेड येस्टरडे'. 'हॅड' कधी लागतं? दोन गोष्टी घडून गेल्या आणि त्यातली आधीची कोणती ते सांगायचं असतं तेव्हा. आपण भोकर स्टेशनवर पोचलो आणि मुदखेडची गाडी आधीच निघून गेलेली. मग 'द ट्रेन हॅड लेफ्ट व्हेन आय रीच्ड द स्टेशन'. आधी गाडी गेली, म्हणून 'हॅड' गाडीला.

तो, ती, ते

मराठीत पंखा 'तो', खुर्ची 'ती' आणि टेबल 'ते'. म्हणून 'बस आली, ती भरली होती' याचं मूल 'शी वॉज फुल' करतं. निर्जीव वस्तू एक असली की 'इट', अनेक असल्या की 'दे', एवढं पक्कं करून घ्या.

'हिज' आणि 'हर'चा घोळ दखनी बोलणाऱ्या घरांत जास्त. 'उसकी बहन' यात 'की' बहिणीमुळे आली, आणि 'उस' मुलगा-मुलगी दोघांनाही चालतं. म्हणून राजूची बहीण 'हर सिस्टर' होते. इंग्रजी शब्द मालकाकडे पाहतो. कुणाची बहीण? राजूची. मग 'हिज सिस्टर'.

'शी' म्हणजे नेमकी कोण?

आता आपल्याही उपयोगाचं सांगते. शाळेच्या बाईंना चिठ्ठी लिहिली: 'माझी मुलगी सासूबाईंकडे आहे. त्या आजारी आहेत, म्हणून ती येऊ शकत नाही.' मराठीत 'त्या' म्हणजे सासूबाई आणि 'ती' म्हणजे मुलगी, हे लख्ख कळतं. इंग्रजीत दोघीही 'शी'! 'शी इज इल, सो शी कॅन नॉट कम' वाचून बाईंना वाटणार, मुलगीच आजारी. डॉक्टरांना लिहिताना असा घोटाळा झाला तर केवढ्याला पडेल! अशा वेळी सर्वनामाचा हट्ट सोडा. 'माय मदर-इन-लॉ इज इल' असं सरळ लिहा. नाव दोनदा आलं तरी बिघडत नाही.

'आपली'ही इंग्रजीत नाही. 'सुनीतानं मीनाला आपली वही दिली' म्हणजे वही सुनीताची. इंग्रजीत 'हर नोटबुक' म्हटलं की वही दोघींपैकी कुणाचीही होऊ शकते. 'आम्ही' आणि 'आपण' दोन्ही 'वी'. 'वी आर गोइंग टू नांदेड' असं शेजारणीला कळवलं तर ती पिशवी घेऊन दारात यायची! 'यू टू' की 'विदाउट यू', ते स्पष्ट करावं.

घरी काय कराल?

पूर्वी तर्खडकरांची भाषांतर पाठमाला घेऊन मराठी वाक्याशेजारी इंग्रजी वाक्य ठेवत कितीतरी जण इंग्रजी शिकले. तीच रीत घरात आणा. मुलीला दिवसातली पाच वाक्यं आधी मराठीत आणि समोर इंग्रजीत लिहायला सांगा. मग क्रियापदाखाली रेघ मारायला लावा आणि दोनच प्रश्न विचारा. कोण? केव्हा? कोण करतंय ते कळलं की 'इज', 'आर' आणि 'एस' सुटतील. केव्हा ते कळलं की काळ सुटेल. शेवटी प्रत्येक 'ही', 'शी', 'इट', 'दे'वर बोट ठेवून त्याचं नाव तिच्याकडून वदवून घ्या. नाव सांगताना ती अडखळली, तर तिथं नावच लिहायचं. हे सगळं मराठीत विचारता येतं, तुम्हाला इंग्रजी फाडफाड बोलता यायची गरज नाही.

एका दिवशी एकाच तऱ्हेची चूक धरा. सगळी वही लाल केली की मूल लिहायचंच सोडतं. आणि हे दहावीच्या जानेवारीत नको, आठवीपासून सुरू करा. पोळ्या लाटता लाटता पाच वाक्यं सहज ऐकून होतात.