रात्रीची सायकल आणि लाल तबकडी

रात्री उशिरा एकट्याने सायकलीवरून घरी परतण्याचा प्रसंग तुमच्यावर कधी आला आहे काय? माझ्यावर तो आठवड्यातून दोनतीनदा तरी येतो. नागपूरहून एस.टी.ने मौद्याला उतरायचे, ओळखीच्या दुकानापाशी ठेवलेली सायकल काढायची आणि पाच किलोमीटरवरचे गाव गाठायचे. या पंचवीस मिनिटांत आनंद भरपूर मिळतो आणि त्रासही काही थोडा होत नाही. गंमत अशी की, दोहोंच्याही मुळाशी भौतिकशास्त्रच असते!

आधी आनंदाचे पाहू. हिवाळ्यात धानाच्या बांध्यांमधून जाताना नाल्याच्या उतारावर एकदम थंडी झोंबते. चढ चढून वर आले की हवा पुन्हा उबदार लागते. असे का व्हावे? निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता प्रारणाने आकाशाकडे टाकते आणि थंड होते. तिला चिकटलेली हवाही थंड होते. थंड हवा जड. म्हणून ती पाण्यासारखी घरंगळत खोलगट जागी साचते.

याच वेळी उत्तरेकडून, चाचेर-तारसा भागातून जाणाऱ्या मालगाडीचा खडखडाट अगदी जवळून यावा तसा ऐकू येतो. दिवसा तो कानावर पडत नाही. रात्री जमिनीलगतची हवा थंड आणि वरची तुलनेने उबदार असते. तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ०.६ मीटरने वाढतो. त्यामुळे वर निघालेल्या ध्वनिलहरी वाकून पुन्हा जमिनीकडे येतात. हे ध्वनीचे वक्रीभवनच होय.

आता त्रास! धान पिकू लागले की दिव्यापाशी तुडतुड्यांचे थवे जमतात आणि नेमके डोळ्यांत शिरतात. डायनामो टायरला लावला की पाय जड होतात. फॅरडेने १८३१ साली शोधलेले तत्त्वच येथे काम करते : चुंबक व वेटोळे यांच्या सापेक्ष गतीने वीज निर्माण होते. दिव्याला हवी असते जेमतेम ३ वॅट शक्ती. पण घर्षणात बरीच वाया जात असल्याने पायांना त्याहून पुष्कळ अधिक द्यावी लागते. ऊर्जा फुकट मिळत नाही, हे मांड्या आपल्याला पटवून देतात!

सर्वांत मोठा त्रास समोरून येणाऱ्या प्रखर दिव्यांचा. अंधारात पाहण्यासाठी डोळ्यांतील दंडपेशींमध्ये रोडॉप्सिन नावाचे रंगद्रव्य साठावे लागते. डोळा अंधाराला पुरता सरावायला वीस ते तीस मिनिटे लागतात. ट्रकचा झोत पडला की हे द्रव्य क्षणात विघटित होते. अशा वेळी झोताकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवावी आणि काहीच दिसेनासे झाले तर खाली उतरावे.

परंतु या सर्वांहून मोठा धडा मला गेल्या वर्षी मिळाला. वळणावर बैलगाडीला वाट देण्यासाठी मी सायकल थांबवली. चाक थांबले, डायनामो थांबला, दिवा विझला. मागच्या मडगार्डवरची लाल तबकडी फुटून तीन महिने झाले होते. ‘आज बसवू, उद्या बसवू’ यातच दिवस गेले होते. एवढ्यात मागून जीप आली. ब्रेक किंचाळले आणि ती माझ्यापासून दोन हातांवर थांबली. चालक खाली उतरून म्हणाला, “काका, मागं काही लाल लावा ना! दिसलेच नाही तुम्ही.” त्याच दिवशी सकाळी मी वर्गात परावर्तनाचे नियम शिकवले होते!

घरी आल्यावर हिशोब केला. ताशी ५४ किलोमीटर म्हणजे सेकंदाला १५ मीटर. धोका दिसून ब्रेकवर पाय पडेपर्यंत एक सेकंद जातो, असे धरले तर १५ मीटर तिथेच संपले. पुढे वेग दर सेकंदाला ५ मीटर प्रतिसेकंद असा कमी होत गेला, तर थांबायला आणखी २२.५ मीटर लागतात. म्हणजे एकूण ३७.५ मीटर. काळ्या स्वेटरमधला माणूस खाली वळवलेल्या दिव्यांत तेवढ्या अंतरावरून दिसेलच असे नाही. चांगली तबकडी मात्र शंभर मीटरहूनही अधिक अंतरावरून चमकते.

या तबकडीत असते तरी काय? तिच्या मागील बाजूस बारीक कोपऱ्यांची रांगोळी दिसेल. प्रत्येक कोपरा तीन परस्परलंब पृष्ठांचा असतो. त्यांवरून तीनदा परावर्तित झालेला किरण ज्या दिशेने आला, त्याच दिशेने परत जातो. म्हणून दिवा ज्याचा, त्याच्याच डोळ्यांकडे प्रकाश पोचतो. १९६९ साली अपोलो-११ च्या चांद्रवीरांनी असेच शंभर कोपरे बसवलेली चौकट चंद्रावर ठेवली. पृथ्वीवरून सोडलेला लेझर किरण तिच्यावरून सुमारे अडीच सेकंदांत परत येतो व त्यावरून चंद्राचे अंतर अचूक मोजतात.

करून पाहा : अंधाऱ्या खोलीत एका भिंतीशी आरसा आणि सायकलीची तबकडी ठेवा. टॉर्च कानशिलाशी धरून थोडे तिरके उभे राहा. आरसा काळा दिसेल, तबकडी झगझगेल. मग तिच्यावर चिखल फासून पुन्हा पाहा!

तबकडी उजळते ती दुसऱ्याच्या दिव्याने. म्हणून सोबत बॅटरीवरचा लाल दिवाही लावा. माझ्या सायकलीला आता दोन्ही आहेत. उद्या शाळेत गेलात की सायकलींच्या रांगेत किती तबकड्या फुटक्या आहेत ते मोजा आणि मोजणीची सुरुवात स्वतःच्या सायकलीपासून करा.