मनगटावरचा हिरवा दिवा आणि बीपीचा आकडा

अंधारात स्मार्टवॉच उलटं धरलं की मागच्या काचेतून हिरवा प्रकाश लुकलुकताना दिसतो. रक्त हा प्रकाश चांगला शोषतं. ठोका पडला की मनगटातल्या बारीक रक्तवाहिन्या भरतात आणि परत येणारा प्रकाश किंचित मंदावतो. नाडी मोजायला एवढं पुरतं. रक्तदाब मात्र यात कुठेच मोजला जात नाही.

दंडावरच्या पट्ट्याचं तसं नाही. इटलीच्या रिव्हा-रोची यांनी 1896 साली हा पट्टा आणला. 1905 मध्ये रशियाच्या कोरोटकॉव्ह यांनी स्टेथोस्कोपने आवाज ऐकून वरचा-खालचा आकडा ठरवायची रीत दिली. तिथे दाबाला दाबानेच तोललं जातं. घड्याळ ठोक्याच्या लाटेचा आकार आणि वेग पाहून अंदाज बांधतं.

अंदाज कुठे अडतो, हे आपल्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीपाशी उभं राहिलं की कळतं. डोंगरातलं पाणी मातीच्या नळांतून तिथवर येतं. मातीचा नळ फुगत नाही, धमनी फुगते. दाब वाढला की ती ताणून ताठरते आणि ठोक्याची लाट वेगाने धावते. पण वयानेही धमन्या ताठरतात, आणि तेव्हाही लाट वेगानेच धावते. यातलं कारण कोणतं, हे प्रकाशाला कसं कळणार? म्हणूनच सॅमसंगच्या घड्याळाला दर चार आठवड्यांनी पट्ट्याच्या यंत्राशी जुळवून घ्यावं लागतं. ॲपलच्या ज्या सुविधेला अमेरिकेत सप्टेंबर 2025 मध्ये मंजुरी मिळाली, ती तर आकडा देतच नाही. 30 दिवसांच्या नोंदी पाहून फक्त सावध करते. मला हा प्रामाणिकपणा जास्त पटतो.

त्यात आपला उन्हाळा. एसीच्या खोलीत घड्याळ जुळवायचं आणि मे महिन्यात चाळीस अंशांत जालना रोडवर उतरायचं, की त्वचेखालच्या वाहिन्या पसरतात, घाम येतो, लाटेचं रूप पालटतं. शिवाय हात हृदयापेक्षा दहा सेंटिमीटर खाली असला, तरी मनगटातला दाब पाऱ्याच्या सुमारे 8 मिलिमीटरने वाढतो.

तेव्हा घड्याळातला आकडा बघून गोळी कमी-जास्त करू नका. पाच मिनिटं शांत बसा, पाठ टेकवा, दंड छातीच्या पातळीवर ठेवा आणि उघड्या दंडावर पट्टा बांधून दोनदा मोजा. घड्याळातला आलेख डॉक्टरांना जरूर दाखवा.

सावळ्या त्वचेतलं मेलॅनिनही हिरवा प्रकाश शोषतं. म्हणून ही यंत्रं आपल्या त्वचेवर, आपल्या उन्हात, पट्ट्याच्या यंत्राशेजारी ठेवून तपासली गेली पाहिजेत. मराठवाडाभरातून रुग्ण जिथे येतात, त्या घाटी रुग्णालयाहून या कामाला योग्य जागा मला दिसत नाही.