वाहून गेलेली माती खताच्या पोत्यात मिळत नाही

यवतमाळ जिल्ह्यात पुसद, उमरखेड, महागावकडच्या डोंगरउतारावर एक समज पक्का आहे: पावसाने वरची माती थोडी नेली तरी खताचे एक पोते जास्त टाकले की भरपाई होते. हिशेब मात्र वेगळे सांगतो. 1 हेक्टरवरून 1 मिलिमीटर थर गेला तर सुमारे 13 टन माती जाते. तीत सेंद्रिय कर्ब अर्धा टक्का धरला, तर 65 किलो कर्ब आणि जवळपास 6 किलो नत्र गेले. हे नत्र युरियातून परत येईल, कर्ब येणार नाही. शिवाय पाणी आधी उचलते ते हलके, बारीक कण; अन्नद्रव्ये त्यांनाच चिकटलेली असतात. मागे खडे आणि मुरूम उरतो. म्हणजे खरा तोटा या हिशेबापेक्षाही मोठा.

त्याहून महाग पडते ती ओल. इथली बहुतेक कपाशी आणि तूर कोरडवाहू आहे. दोन पावसांच्या मधल्या काळात पिकाला जमिनीत मुरलेले पाणीच जगवते. काळ्या चिकण मातीचा 10 सेंटिमीटर थर पिकाला साधारण 15 ते 20 मिलिमीटर पाणी देऊ शकतो. बोंडे धरताना कपाशीला रोज 4-5 मिलिमीटर लागते. तेवढा थर गेला की पावसाच्या खंडात तग धरण्याचे तीन-चार दिवस गेले. बरड जमिनीत खत टाकूनही झाड सुकते, ते यामुळेच. ओल नसेल तर मुळांना खत उचलता येत नाही.

‘शेतात नाली पडली नाही, म्हणजे धूप नाही,’ हेही खरे नाही. जून-जुलैत रान उघडे असताना पातळ थर सगळीकडून सारखा निघतो, म्हणून तो डोळ्यांत भरत नाही. ‘माती खालच्या शेतातच जाते’ हे अर्धसत्य आहे; बराच गाळ पूस, अरुणावती, अडाणच्या पात्रांत आणि धरणांत पोचतो. ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ ही योजना 2017मध्ये आणावी लागली, त्यामागे हेही कारण आहे. मात्र गाळ उपसून, वाहून परत आणणे खर्चाचे काम आहे. त्यापेक्षा बांध घालून माती शेतातच अडवणे बरे. बांधाच्या धुऱ्याखाली जागा जाते आणि भारी काळ्या जमिनीत पाणी तुंबते, ही तक्रार रास्त आहे. तिथे हलका उतार दिलेले बांध आणि जादा पाण्याला सुरक्षित वाट हवी. बांधच नको, हा त्यावरचा उपाय नव्हे. उताराला आडवी पेरणी करायला तर जागाही लागत नाही. येत्या खरिपात तिफण उताराला आडवी चालवा. खताचा खर्च त्यानंतरच सार्थकी लागेल.