शेठने ग्रुप सोडला: मित्र गेल्यावर हसू येतं, त्याचं काय करायचं?

हा भाग मी दिघाशीला, आमच्या घराच्या माळ्यावर बसून रेकॉर्ड केलाय. ऐकताना मागे टेम्पो रिव्हर्स घेतल्याचा आवाज येईल, एकदा कोंबडापण येईल. भिवंडी तालुक्यात शांत जागा शोधत बसलो असतो तर हा भाग झालाच नसता. खाली वाचताय ते तेच बोलणं, थोडं नीट करून लिहिलेलं.

भातकापणीचे दिवस होते. दुपारी शेतातून येऊन फोन बघितला तर आमच्या ग्रुपवर राखाडी अक्षरात एक ओळ: शेठ लेफ्ट.

शेठ चार महिन्यांपूर्वीच गेला होता.

त्याचं खरं नाव घेत नाही, घरच्यांना तसं नको आहे. खिशात कधी पैसे नसायचे म्हणून आम्ही त्याला शेठ म्हणायचो. टेम्पो चालवायचा. आषाढात, गटारीच्या तीन दिवस आधी, रात्री, पाऊस, बाईक. याच्यापेक्षा जास्त सांगत नाही. फोनपण त्यातच फुटला. सिमचा रिचार्ज कोण करणार? व्हॉट्सअ‍ॅपचा नियम असा आहे की साधारण १२० दिवस खातं वापरात नसेल तर ते बंद होतं, आणि मग ग्रुपमधून तो माणूस आपोआप बाहेर जातो. आपल्या फोनवरचे जुने मेसेज जात नाहीत, पण डीपी जातो. हे मला आधी माहीत असतं तर निदान मनाची तयारी केली असती.

ती ओळ आल्यावर पाच मिनिटं ग्रुपवर कोणी काही लिहिलं नाही. मग एकाने लिहिलं, 'शेवटी वर्गणी न देताच गेला.'

मी शेताच्या बांधावर बसून आधी हसलो आणि मग रडलो. की आधी रडलो? नक्की आठवत नाही. आजचा भाग यावरच आहे.

आता वर्गणीचं काय, ते सांगतो. गटारीचं चिकन आणायचं म्हणून शेठने आम्हा आठ जणांकडून तीनशे-तीनशे रुपये जीपेवर घेतले होते. चोवीसशे रुपये. ते कुठे गेले कोणाला माहीत नाही, आणि विचारणार कोणाला?

दहाव्याला नदीकाठी पिंड ठेवला. कावळा समोरच्या झाडावर बसलेला, बघतोय, पण खाली येत नाही. तुम्ही दहाव्याला गेला असाल तर ती शांतता माहीत असेल. सगळे पन्नास फूट मागे उभे, आणि प्रत्येकाच्या मनात एकच प्रश्न, याचं काय राहिलं असेल? काका पुढे झाले, म्हणाले, आईला आम्ही बघू. कावळा हलला नाही. भाऊ म्हणाला, टेम्पोचे हप्ते मी फेडतो. तरी नाही. अर्धा तास गेला असेल. मग आमच्यातला एक जण मागून, अगदी हळू, म्हणाला, 'शेठ, वर्गणी माफ.'

कावळा आला.

मी गालाचं आतलं मांस दातात धरून उभा होतो. खांदे हलत होते, लोकांना वाटलं मी रडतोय. एका मावशींनी पाठीवरून हात फिरवला. त्यानंतर कितीतरी रात्री मला झोप लागली नाही. जिवलग मित्राच्या दहाव्याला हसणारा माणूस कसला माणूस, हेच डोक्यात.

आता थोडं या अपराधी वाटण्याबद्दल बोलू.

पहिली गोष्ट, आपल्याकडे मित्राचं सुतक नसतं. घराण्यात साधारण दहा दिवस, लग्न होऊन गेलेल्या मुलीला तीन दिवस, सगळं ठरलेलं. कोणी स्वयंपाक करायचा नाही, कोणी देवाला हात लावायचा नाही, कोणाकडे भेटायला जायचं, सगळं. सुतकाला आपण जुनाट म्हणतो, पण त्यातून एक मिळतं. ज्याचं माणूस गेलंय त्याला लोक दहा दिवस कामातून मोकळा करतात. मित्राच्या वाट्याला उलट येतं. बांबू, लाकडं आणायला मित्र. नातेवाइकांना फोन करायला मित्र. मंडप, खुर्च्या, पाण्याचे जार, मित्र. आणि तिसऱ्या दिवशी कामावर हजर.

मी एका गोडाऊनमध्ये पॅकिंगला आहे. सुट्टी मागितली तर सुपरवायझर म्हणाला, 'कोण लागतो तुझा?' मी म्हटलं, मित्र. तो म्हणाला, 'मग एक दिवस घे.' वाईट माणूस नाही तो. त्याच्या रजिस्टरमध्ये मित्रासाठी रकानाच नव्हता.

अमेरिकेत केनेथ डोका नावाच्या अभ्यासकाने १९८९ मध्ये याच प्रकारावर पुस्तक काढलं: समाज ज्या दुःखाला दुःख म्हणून मान्यच करत नाही, ते दुःख. त्याच्यासाठी मराठीत मला नीट शब्द सापडला नाही. मी त्याला 'बिनसुतकाचं दुःख' म्हणतो. आणि ते हलकं नसतं. ऑस्ट्रेलियात २६,५१५ लोकांची १४ वर्षांची माहिती घेऊन केलेला एक अभ्यास २०१९ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यातल्या ९,५८६ लोकांचा निदान एक जवळचा मित्र किंवा मैत्रीण गेली होती. त्यांच्या तब्येतीवर आणि मनावर झालेला परिणाम चार वर्षांपर्यंत दिसत होता. मला मिळाला एक दिवस. असो.

दुसरी गोष्ट हसण्याची. इथे मला खरंच मदत झाली ती जॉर्ज बोनॅनो आणि डॅकर केल्टनर या दोन मानसशास्त्रज्ञांच्या १९९७ मधल्या अभ्यासाची. त्यांनी ज्यांचा नवरा किंवा बायको साधारण सहा महिन्यांपूर्वी गेली होती अशा लोकांना बोलतं केलं आणि बोलतानाचा व्हिडिओ घेतला. नंतर ते चेहरे बारकाईने तपासले. खोटं हसू ओठांवर असतं. खऱ्या हसण्यात डोळ्यांभोवतीचा स्नायूही आखडतो आणि कडेला सुरकुत्या पडतात. फ्रान्समधल्या ड्युशेन नावाच्या डॉक्टरने हा फरक एकोणिसाव्या शतकातच सांगितला होता. तर गेलेल्या जोडीदाराबद्दल बोलताना ज्यांना असं खरं हसू आलं, त्यांच्यात राग कमी होता, त्रास कमी होता आणि आजूबाजूच्या लोकांशी संबंध जास्त चांगले होते. अनोळखी लोकांना ते व्हिडिओ दाखवले तर त्यांनाही हसणारी माणसं जवळची वाटली.

लगेच उड्या मारू नका. हसल्यामुळेच त्यांचं दुःख कमी झालं, असं यातून सिद्ध होत नाही. कदाचित जे थोडे सावरले होते तेच हसले असतील. शिवाय तो अभ्यास जोडीदारांचा, मित्रांचा नाही. पण एक भीती नक्की खोटी ठरते. हसणारा माणूस दगडाच्या काळजाचा असतो, किंवा त्याला अजून कळलेलंच नाही काय झालंय, ही भीती.

रील्सवर तुम्ही 'दुःखाच्या पाच पायऱ्या' बघितल्या असतील. त्या एलिझाबेथ कुब्लर-रॉस यांच्या १९६९ च्या पुस्तकातल्या, आणि ते पुस्तक मरणाच्या दारात असलेल्या रुग्णांशी बोलून लिहिलेलं आहे. मागे राहिलेल्यांसाठीचा जिना नाही तो. मी तिसऱ्या पायरीवर का अडकलोय असं विचारत बसू नका. मला जास्त पटतं ते मार्गारेट स्ट्रोब आणि हेंक शुट यांनी १९९९ मध्ये मांडलेलं. दुःख झोक्यासारखं असतं. एकदा गेलेल्या माणसाकडे जातं, एकदा समोरच्या कामाकडे येतं. सकाळी फोटो बघून रडायचं, दुपारी लाईट बिल भरायचं, संध्याकाळी कटिंग पिताना फालतू विनोदावर हसायचं. ते म्हणतात, दोन्हीकडे जाणं गरजेचं आहे. झोका एकाच टोकाला अडकला तर काळजीचं.

आता शेठच्या आईबद्दल सांगायचंय.

दिवस होईपर्यंत त्यांच्याकडे रोज रात्री भजन असायचं. भजन संपलं की आम्ही बाहेर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर बसायचो. सातव्या-आठव्या रात्री कोणीतरी शेठने टेम्पोत चुकून दुसऱ्याच लग्नाचं सामान भरलं होतं तो किस्सा काढला. तिकडच्या नवरीचा रुखवत इकडच्या मंडपात. आम्ही तोंड दाबून हसत होतो, आणि दारात आई. सगळे गप्प. मला वाटलं, संपलं.

ती म्हणाली, 'काय हसताव रं? मना पन सांगा.'

सांगितलं. ती पायरीवर बसली आणि परत सांगायला लावलं. हा किस्सा तिला माहीतच नव्हता. तिचा मुलगा घरात कमी बोलायचा, जेवायचा, झोपायचा. त्याचे सगळे चाळे आमच्याकडे होते. त्या रात्री मला कळलं की आमच्याजवळ तिच्या मुलाचा एक मोठा हिस्सा आहे आणि आम्ही तो 'बरं दिसत नाही' म्हणून लपवून ठेवला होता. मग आम्ही रोज एक किस्सा सांगायला लागलो. काही गाळले, अर्थात. आई आहे ती.

तुमचा मित्र गेला असेल आणि त्याच्या घरी जाऊन काय बोलायचं हे सुचत नसेल, तर हे करून बघा. 'काळजी घ्या' वगैरे राहू द्या. त्याने केलेली एखादी गोष्ट सांगा, घरच्यांना माहीत नसलेली. व्हॉइस नोट असेल तर आधी विचारा, मग ऐकवा. सगळ्यांनाच लगेच आवाज सोसत नाही. मी स्वतः शेठची दोन मिनिटं चौदा सेकंदांची नोट अजून पूर्ण ऐकलेली नाही, पण दुसरीकडे सेव्ह करून ठेवलीय. तुम्हीपण ठेवा. फोन बदलताना बॅकअप राहिला की सगळं जातं.

विनोद कुठे थांबवायचा? आमच्यात एकाने शेठच्या फोटोचं स्टिकर बनवलं आणि चुकून गावाच्या ग्रुपवर टाकलं. तिथे ते बेकार वाटलं, आमच्या ग्रुपवर वाटलं नसतं. मी आता एवढंच बघतो की ऐकणारे कोण आहेत, आणि शेठ इथे असता तर तो हसला असता का. बहुतेक वेळा तो आमच्यापेक्षा घाण काहीतरी बोलला असता.

बरं, एक रात्र आम्ही ओट्यावर बसून एकाच फोनवर 'अशी ही बनवाबनवी' लावला. शेठला तो पाठ होता. सिनेमा १९८८ चा, आमच्यातलं कोणी जन्मलेलंही नव्हतं. मध्येच एक जण म्हणाला, यातले दोघं नाहीत रे आता. खरंच. भाड्याच्या खोलीसाठी बनवाबनवी करणाऱ्या त्या चार मित्रांपैकी सिद्धार्थ रे मार्च २००४ मध्ये गेला, आणि त्याच वर्षी डिसेंबरमध्ये लक्ष्मीकांत बेर्डे. एक चाळिशीचा, दुसरा पन्नाशीचा. अशोक सराफ आणि सचिन राहिले. तरी अख्खा महाराष्ट्र त्या चौघांना बघून हसतो, मीम बनवतो, आणि कोणी म्हणत नाही की गेलेल्या माणसावर काय हसता. लक्ष्या साडी नेसून आला की हसायचंच. आम्ही हसलो. शेठ जिथे आधीच डायलॉग म्हणून मजा घालवायचा तिथे सगळे एक सेकंद थांबायचो, बस.

एक गोष्ट मात्र गंभीरपणे. हसणं आणि टाळणं यात फरक आहे. आमच्यातला एक जण सतत जोक मारायचा, पण शेठचा विषय निघाला की उठून जायचा, आणि रोज प्यायला लागला होता. तो झोका अडकलेला होता. तुम्हाला झोप येत नसेल, काम सुटत असेल, दारू वाढली असेल किंवा आपणपण नको असं मनात येत असेल, तर १४४१६ वर फोन करा. टेलिमानस, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. त्याच्या वतीने पहिला फोन मी लावला होता. सुरुवातीला काय बोलायचं कळत नव्हतं, म्हणून मी म्हणालो, 'माझा मित्र गेलाय.' समोरच्याने 'कोण लागतो' विचारलं नाही.

तर यंदाची गटारी. करायची की नाही यावर ग्रुपवर दोन दिवस वाद झाला. शेवटी केली. तीनशे-तीनशे रुपये काढले, आणि या वेळी पैसे कोणाकडे जमा करायचे यावरून आणखी वाद झाला, कारण त्या खुर्चीवर बसायला कोणी तयार नव्हतं. शेठच्या आईला कोणी सांगितलं माहीत नाही. संध्याकाळी तिने तांदळाच्या भाकऱ्या फडक्यात बांधून पाठवल्या. मोजल्या तर अठरा, माणशी दोन.

आम्ही आठ जण होतो. कोणी काही बोललं नाही. जेवणं झाली, आणि बघितलं तर फडकं रिकामं. वरच्या दोन भाकऱ्या कोणी खाल्ल्या यावरून ग्रुपवर अजून भांडण चालू आहे.