पाणी तापलं की सगळे मासे नर होतात?

गैरसमज: माशाचं लिंग गुणसूत्रं ठरवतात; पाण्याचा त्यात काय संबंध?
पुष्कळ जातींत दोन्हींचा वाटा असतो. चीनच्या समुद्रातला टंग सोल घ्या. आपल्या बाजारात लेपी म्हणून मिळणाऱ्या चपट्या माशाच्याच कुळातला. त्याच्या नरात झेडझेड गुणसूत्रं, मादीत झेडडब्ल्यू. २२ अंश सेल्सिअसच्या पाण्यात झेडडब्ल्यू पिल्लांपैकी साधारण १४ टक्के नर होतात. २८ अंशांत वाढवली, तर ७३ टक्के. गुणसूत्रं मादीची, शरीर नराचं.

गैरसमज: उन्हाळा कडक झाला की मोठे मासेही लिंग बदलतील.
नाही. तापमानाचा प्रभाव पडतो तो पिल्लूपणी, जननग्रंथी घडत असताना. क्लाउनफिश मोठेपणी नराची मादी होते खरी, पण ते कळपातल्या मानपानामुळे, तापमानामुळे नव्हे.

गैरसमज: उष्णतेने माद्या वाढतात.
हे कासवांचं. वेळासच्या किनाऱ्यावर घरट्यातली वाळू जास्त तापली, की माद्या जास्त निपजतात. माशांमध्ये बहुधा उलटं होतं. युरोपातल्या सी बासमध्ये उष्णतेमुळे अ‍ॅरोमॅटेझच्या जनुकावर मिथाइल गट जास्त बसतात. पुरुषी संप्रेरकापासून इस्ट्रोजेन बनवणारं हे विकर मग कमी तयार होतं आणि अंडाशयाऐवजी वृषण घडतं.

गैरसमज: परिणाम त्या पिढीपुरताच.
खरी गंमत इथे आहे. टंग सोलच्या त्या आभासी नरांना पिल्लं होतात. त्यांच्या झेडडब्ल्यू पिल्लांना गरम पाणी दाखवलंही नाही, तरी ती नर होऊ शकतात, असं चिनी संशोधकांनी २०१४ मध्ये दाखवलं. डीएनएची अक्षरं तीच. बापाच्या डीएनएवरच्या मिथाइलच्या खुणा पुढे उतरल्या.

गैरसमज: म्हणजे दर पिढीत नरच वाढत जाणार.
इतकं सरळ नाही. प्रवाळभित्तींवरच्या एका डॅमसेल माशावरचा २०१५ चा प्रयोग मला जास्त बोलका वाटतो. पाणी तापल्यावर त्याच्या संततीत माद्या घटल्या. पण आईबापच लहानपणापासून दीड अंश जास्त गरम पाण्यात वाढलेले असले, तर एका पिढीतच संततीचं प्रमाण पूर्ववत झालं. तीन अंशांची वाढ मात्र दोन पिढ्यांनंतरही पूर्ण भरून निघाली नाही. आणि जे साध्या पाण्यात वाढून फक्त विणीच्या वेळी गरम पाण्यात गेले, त्यांना हे मुळीच साधलं नाही.