पोराबाळांसाठी पलंग : चार पायांची राखण



ऊस आला की उंदीर आले, आणि उंदीर आले की त्यांच्यामागं साप आले. हे आपल्याला कुणी शिकवायला नको. पण फडातल्या सापाला आपण जेवढं भितो, तेवढं घरात शिरणाऱ्या मण्यारीला भीत नाही. मण्यार रात्री हिंडते आणि बहुतेक वेळा जमिनीवर झोपलेल्या माणसालाच चावते. तिचे दात बारीक. दुखत नाही, सूज नाही, खूण सापडेलच असं नाही. पोर पहाटे उठून "पोटात दुखतंय" म्हणतं, मग पापण्या जड होतात, गिळता येत नाही, श्वास कोंडतो. घरातले समजतात, रात्रीचं काही बाधलं.

२००० ते २०१९ या वीस वर्षांत देशात सर्पदंशानं सुमारे बारा लाख माणसं गेली, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात आहे. त्यातली बहुतेक खेड्यातली.

मी नातवंडांसाठी पलंग करायचा म्हणालो तेव्हा आमच्या घरातून पहिला प्रश्न आला, "बाज आहे की! कशाला खर्च?" बाज चांगलीच, पण पोरांच्या उड्यांनी सुंभ सैल पडतो, मध्ये झोळी होते, आणि ती जमिनीपासून वीतभर उरते. शिवाय एका बाजेवर तिघं मावत नाहीत, म्हणून दोघं खाली घोंगड्यावर. म्हणून लाकडीच करायचं ठरलं.

लाकूड बांधावरच्या बाभळीचं. बैलगाडीला चालतं ते पोरांना का चालू नये? मात्र माझी पहिली चूक ऐका. ओलं लाकूड कापलं आणि लगेच जोडलं. उन्हाळ्यात सगळे सांधे ढिले झाले, एक पट्टी पिळून वाकडी झाली. सुतारमामा म्हणाले, "नाना, तोडलेलं खोड आधी पाण्यात मुरवा, मग फळ्या काढून सावलीत वाळवा. घाई असेल तर वखारीतून वाळलेलं आणा." बाहेरचं पांढरं लाकूड काढून टाकावं, भुंगा तिथंच धरतो. आणि कीड लागू नये म्हणून शेतातलं औषध पलंगाला मुळीच लावू नये. पोरं लाकूड चाटतात. जवसाच्या तेलाचे दोन हात पुरेत.

माप असं : लांबी पाच फूट, रुंदी अडीच फूट. पाय तीन इंच चौरस, फळ्या जमिनीपासून दीड फुटावर. लांबीच्या दोन पट्ट्या चार इंच रुंद, दीड इंच जाड. पायाला भोक पाडून पट्टीचं टोक त्यात ठोकून बसवावं आणि आरपार लाकडी खुंटी मारावी. नुसत्या खिळ्यांवर भरवसा नको, खिळा हलतो आणि भोक मोठं करतो. वर तीन इंची, एक इंच जाडीच्या तेरा आडव्या फळ्या, दोन फळ्यांत दीड इंच फट. त्यांच्या पोटाखाली मधोमध एक लांब पट्टी हवीच, कारण पोरं पलंगावर झोपतात कमी, नाचतात जास्त. तयार लाकूड अडीच घनफुटांच्या आसपास बसतं, छाट धरून साडेतीन काढावं. गुण्या लावून कोपरे तपासावेत, नाहीतर पलंग जन्मभर लंगडतो.

कठडा नऊ इंच उंच. त्याच्या दांड्यांत अडीच इंचांपेक्षा जास्त फट नको, लहानाचं अंग सरकून डोकं अडकतं. तान्ह्या मुलाला हा पलंग नको, दोन-अडीच वर्षांपासून पुढं ठीक.

पलंग भिंतीपासून हातभर दूर. वाकळ खाली लोंबू नये. मच्छरदाणी गादीखाली खोचावी. आणि पलंगाखाली मोकळी जागा दिसली की आपण धान्याचं पोतं सारतो, ते करू नका. उंदीर तिथंच येणार.

पलंग असूनही दंशाचा संशय आला तर आवळून बांधणं, चिरणं, मांत्रिक यात वेळ घालवू नये. पोराला चालवू नये, तडक सरकारी दवाखान्यात न्यावं.

एक राहिलं. हंगामात आपल्या फडावर टोळ्या उतरतात, त्यांची लेकरं कोपीत पाचटावर निजतात. बांधावरच्या फांद्यांचे चार खुंट आणि जुन्या फळ्या एवढ्यावरही दीड फूट उंचीचा माचा होतो. आम्ही गेल्या हंगामात दोन करून दिले. टोळी पुढच्या फडावर निघाली तेव्हा कोयता-भांड्यांबरोबर ते गाडीत चढवले गेले.